थर्ल्सचा कापडवाला आणि मेलबर्नची नगरपरिषद

मेलबर्नच्या मध्यवस्तीत एलिझाबेथ स्ट्रीट हा सगळ्यात खोलगट रस्ता. कॉलिन्स स्ट्रीटने पूर्वेकडून या किंवा पश्चिमेकडून, उतार एलिझाबेथ स्ट्रीटलाच येऊन टेकतो. मुळात हा रस्ता नव्हताच, ओहोळ होता. जोराचा पाऊस झाला की दोन्ही बाजूंच्या टेकाडांचं पाणी इथून वाहत यारा नदीला मिळायचं. १८३७ साली सर्व्हेयर रॉबर्ट हॉडलने शहराची आखणी केली, तेव्हा ओहोळाच्या जागी रस्ता आला, पण पाण्याने आपली वाट सोडली नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये इथे एवढा पाऊस कोसळला की भर शहरात मोटारी तरंगल्या. १८४० च्या दशकात तर गटारं नव्हती, फरसबंदी नव्हती, तोडलेल्या झाडांचे बुंधे रस्त्यातच उभे होते आणि बैलगाड्या आसापर्यंत चिखलात रुतत होत्या. कोपऱ्यावरच्या टाउनेंड नावाच्या किराणा दुकानदाराच्या नावावरून लोकांनी या पाण्याला ‘टाउनेंड नदी’ म्हणायला सुरुवात केली होती.

याच रस्त्यावर १८४५ च्या सुमारास एका आयरिश तरुणाने कापडाचं दुकान थाटलं. त्याचं नाव जॉन ओशॅनसी. १८४६ मध्ये तो मेलबर्नच्या नगरपरिषदेवर निवडून आला. पुढे तो व्हिक्टोरिया वसाहतीचा तीनदा पंतप्रधान झाला, त्याला ‘सर’ ही पदवीही मिळाली. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची ओळख पंतप्रधान म्हणूनच येते. मला मात्र त्याचं नगरसेवक होणं जास्त महत्त्वाचं वाटतं. आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यातल्या एका कॅथलिक घरातला, तेराव्या वर्षी वडील गेलेला, दुकानात उमेदवारी केलेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी एका शहराच्या कारभारात बसतो, हे त्याच्या गावी जवळजवळ अशक्य होतं. का अशक्य होतं आणि इथे का शक्य झालं, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

ओशॅनसीचा जन्म १८१८ मध्ये टिपरेरीतल्या थर्ल्स गावाजवळच्या बॅलिनाहाऊ इथला. वडील जमीन मोजणीचं काम करत. त्या काळी आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, पण जमीन, न्यायालयं आणि गावोगावचा कारभार मूठभर प्रॉटेस्टंट घराण्यांच्या हाती. नगरपालिकांचं सभासदत्व कॅथलिकांसाठी १७९३ च्या कायद्याने कागदोपत्री खुलं झालं होतं. पण नवे सभासद घ्यायचे ते जुन्या सभासदांनीच, आणि ते आपल्याच गोतावळ्यातले घेत. खेड्यापाड्यांत तर निवडणूक हा प्रकारच नव्हता. रस्ते आणि पूल ‘ग्रँड ज्युरी’च्या अखत्यारीत. शेरीफ तिथे जमीनदारांची नेमणूक करायचा, ते एकत्र बसून कोणता रस्ता कुठून न्यायचा ते ठरवायचे, आणि त्याचा कर भरायचा कुळांनी. आपल्या दारापुढचा रस्ता कोणाच्या सोयीने वळला हे कुळांना दिसत होतं, पण बोलायला जागा नव्हती. त्यावर प्रॉटेस्टंट चर्चला द्यायचा दशमांश वेगळाच. ओशॅनसीचे वडील वारले त्या १८३१ मध्येच या दशमांशावरून आयर्लंडभर दंगे पेटले होते.

१८२९ मध्ये डॅनियल ओकॉनेलच्या चळवळीमुळे कॅथलिकांना ब्रिटिश संसदेत बसता येऊ लागलं. मात्र त्याच वेळी मतदानासाठी लागणारी मालमत्तेची अट चाळीस शिलिंगांवरून, म्हणजे दोन पौंडांवरून, दहा पौंडांवर नेली गेली आणि लहान शेतकऱ्यांचं मत गेलं. नगरपालिकांची सुधारणा व्हायला १८४० उजाडलं. त्या कायद्याने अठ्ठावन्न जुन्या नगरपालिका बरखास्त झाल्या आणि फक्त दहा नव्या रूपात उरल्या. त्यांतल्या डब्लिनमध्ये १८४१ साली ओकॉनेल महापौर झाला. दुसऱ्या जेम्स राजाच्या काळानंतर, म्हणजे दीडशे वर्षांत, त्या खुर्चीवर बसलेला तो पहिला कॅथलिक. ओशॅनसी तोपर्यंत मायदेश सोडून गेलेला होता.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत (मेलबर्न तेव्हा तिचाच भाग होतं) याच काळात आणखी एका आयरिश माणसाने वेगळी व्यवस्था बसवली होती. गव्हर्नर रिचर्ड बर्क. जन्म डब्लिनचा, जमीन लिमरिकमध्ये, धर्माने प्रॉटेस्टंट. एकाच चर्चला सरकारी आश्रय दिला की काय होतं ते त्याने घरच्या अंगणात पाहिलं होतं. १८३६ मध्ये त्याने चर्चविषयीचा कायदा आणला. त्यानुसार अँग्लिकन, कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियन या तिघांनाही इमारती व पाद्र्यांच्या पगारासाठी सरकारी मदत समान पायावर मिळू लागली. ओशॅनसीच्या आयुष्यातली पुढची प्रत्येक पायरी या कायद्याला टेकलेली आहे, असं मला वाटतं. मेलबर्नला आज बर्क स्ट्रीट आहे तो याच गव्हर्नरच्या नावाने.

बर्कच्याच काळात दुसरीही एक गोष्ट झाली आणि ती सांगितल्याशिवाय ही कहाणी पुरी होणार नाही. १८३५ मध्ये जॉन बॅटमनने यारा नदीच्या परिसरातल्या कुलिन लोकांच्या वडीलधाऱ्यांशी जमिनीचा करार केल्याचा दावा केला. करार प्रामाणिक होता असं कोणी म्हणणार नाही. पण बर्कने तो रद्द केला तो वेगळ्याच कारणाने: ही जमीन राजसत्तेची आहे, तेव्हा इथल्या मूळ लोकांना ती विकण्याचा अधिकारच नाही, असं त्याने जाहीर केलं. मग सरकारने त्याच जमिनीचे लिलाव पुकारले. मेलबर्नमधला पहिला लिलाव १ जून १८३७ चा. वसाहतीतल्या जमीनविक्रीच्या पैशातला मोठा वाटा ब्रिटन-आयर्लंडमधून मजूर आणि कारागीर आणण्याच्या जहाजभाड्यासाठी खर्च होऊ लागला. या मदतीवर आलेल्यांमध्ये जवळजवळ निम्मे आयरिश होते. मायदेशात जमिनीवरून हुसकलेले लोक इथे दुसऱ्यांना हुसकून मोकळ्या केलेल्या जमिनीच्या पैशावर आले.

ओशॅनसी १८३९ मध्ये ‘विल्यम मेटकाफ’ जहाजाने आला. वय एकवीस, नुकतंच लग्न झालेलं, बरोबर बायको मार्गारेट. जायचं होतं सिडनीला, एका नातेवाइकाकडे. मेलबर्नला जहाज थांबलं तेव्हा त्याची गाठ फादर पॅट्रिक गेगन यांच्याशी पडली. तेही नुकतेच, त्याच वर्षी मे महिन्यात आले होते, आणि पोर्ट फिलिप, म्हणजे मेलबर्नच्या भोवतालच्या मुलखातले पहिले कॅथलिक पाद्री होते. त्यांच्याजवळ ना चर्च होतं, ना पैसा. होती ती पसरलेली, गोंधळलेली आयरिश वस्ती. शिकलेला, बोलका, धडधाकट असा आपल्या माणसांतला एक जोडीदार त्यांना हवा होता. त्यांनी आग्रह केला आणि ओशॅनसी राहिला. १८४१ मध्ये एलिझाबेथ आणि लॉन्सडेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सेंट फ्रान्सिस चर्चची कोनशिला बसली. ते चर्च आजही तिथेच आहे, आजूबाजूच्या उंच इमारतींमध्ये अंग चोरून उभं.

आधी ओशॅनसीने वेस्टर्न पोर्टकडे थोडी गुरं घेऊन बस्तान बसवायचा प्रयत्न केला. तो बूनवुरुंग या मूळ रहिवाशांचा प्रदेश. १८३९ पर्यंत त्यांची संख्या शंभरच्याही खाली आली होती. गुरांचा धंदा चालला नाही. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला वसाहतीत मोठी मंदी आली, मेंढ्यांना गिऱ्हाईक मिळेना म्हणून लोक त्या उकळून चरबी विकू लागले. ओशॅनसी शहरात परतला आणि लहानपणी शिकलेल्या धंद्याकडे वळला.

कापडाचं दुकान म्हणजे काय असतं ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. ठाण उलगडून वारावर मोजून द्यायचं, उधारी वहीत मांडायची, आणि ते करता करता गिऱ्हाइकाच्या घरचं लग्न, बारसं, आजारपण, कोर्टकचेरी सगळं ऐकायचं. नुकतंच जहाजातून उतरलेलं माणूस अंगावर धड कपडा हवा म्हणून पहिल्यांदा अशाच दुकानात येतं. ओशॅनसीच्या राजकारणाचं मूळ मला या गल्ल्यापाशी दिसतं. १८४० च्या दशकाच्या मध्यापासून तो तिथल्या सेंट पॅट्रिक सोसायटीचा अध्यक्ष होता. आयरिश लोकांना धर्म न विचारता सभासद करून घेणारी ही संस्था. देहाने धिप्पाड, बोलण्यात टिपरेरीचा हेल, आणि सभेत उभा राहिला की आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा.

मेलबर्नची नगरपरिषद तेव्हा अगदी कोवळी होती. १८४२ च्या कायद्याने ती स्थापन झाली. लॉन्सडेल, बर्क, गिप्स आणि ला ट्रोब असे चार वॉर्ड, प्रत्येकातून तीन, म्हणजे बारा नगरसेवक. पहिली निवडणूक १ डिसेंबर १८४२ रोजी झाली आणि हेन्री काँडेल हा बिअर बनवणारा व्यापारी पहिला महापौर झाला. मत द्यायला मालमत्तेची अट होती, त्यामुळे मोलमजुरी करणारे बाहेरच राहिले, बायका आणि मूळ रहिवासी तर हिशेबातच नव्हते. पण धर्माची अट नव्हती. शहराची वस्ती १८४१ मध्ये साडेचार हजार, १८४६ मध्ये अकरा हजारांच्या आसपास. परिषदेची तिजोरी जवळपास रिकामी आणि कामांची यादी लांबलचक: गटारं, रस्त्यातले बुंधे, कत्तलखाना, बाजार, दिवे, आणि यारातून पिंपं भरून घरोघर विकलं जाणारं गढूळ पाणी. यान येनच्या धरणाचं नळाचं पाणी शहरात यायला १८५७ चा शेवटचा दिवस उजाडला. १८४६ चा नगरसेवक म्हणजे मुख्यतः चिखलाशी झुंजणारा माणूस, आणि ओशॅनसीच्या तर दुकानाच्या दारातूनच तो चिखल वाहत होता.

मात्र परिषदेच्या सभागृहात गटारांइतकाच धर्मही तुंबलेला असायचा. १८४३ मध्ये सिडनीच्या विधानमंडळात मेलबर्नचा प्रतिनिधी पाठवायचा होता. एडवर्ड कर हा कॅथलिक उमेदवार सहज निवडून येईल असं दिसत होतं. तेव्हा जॉन डनमोर लँग या प्रेस्बिटेरियन पाद्र्याने कॅथलिकांविरुद्ध रान उठवलं आणि महापौर काँडेललाच करच्या विरुद्ध उभं केलं. काँडेल थोडक्या मतांनी जिंकला, शहरात दगडफेक झाली, दुकानांच्या काचा फुटल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे ओशॅनसी नगरपरिषदेवर निवडून आला त्याच वर्षी, प्रकरण बंदुकांपर्यंत गेलं. १३ जुलै १८४६. क्वीन स्ट्रीटवरच्या पॅस्टोरल हॉटेलमध्ये ऑरेंज गटाचे प्रॉटेस्टंट बॉइनच्या लढाईचा विजयदिन साजरा करायला जमले होते आणि खिडक्यांतून त्यांनी आपली निशाणं बाहेर सोडली होती. १६९० साली आयर्लंडमध्ये प्रॉटेस्टंट राजाने कॅथलिक राजाला हरवलं, त्या लढाईची ती निशाणं पाहून खाली रस्त्यावर आयरिश कॅथलिकांचा जमाव गोळा झाला. वरून आणि खालून गोळ्या सुटल्या, माणसं जखमी झाली. फादर गेगन लोकांना शांत करत होते, महापौरांनी जमावबंदीचा कायदा वाचून दाखवला, लष्कर बोलवावं लागलं. जीव कोणाचा गेला नाही हे नशीब. त्याच वर्षी अशा मिरवणुकांवर बंदी घालणारा कायदा वसाहतीत झाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या, बारा हजार मैलांवरच्या लढाईसाठी माणसं भर वस्तीत गोळ्या झाडत होती, आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी एकाच नगरपरिषदेत बसून एकाच गटाराच्या खर्चावर बोलणार होती. माझ्या मते या एका गोष्टीनेच मेलबर्न वाचलं. समोरासमोर बसण्याची जागा होती.

तिकडे आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. मेलबर्नच्या आयरिश लोकांनी वर्गणी काढून पैसे पाठवले. १८४८ ते १८५० दरम्यान आयर्लंडच्या वर्कहाउसांतून, म्हणजे गरिबांना ठेवायच्या सरकारी आश्रमांतून, चार हजारांहून अधिक मुली सरकारी योजनेतून ऑस्ट्रेलियात पाठवल्या गेल्या. मेलबर्नला त्यांचं पहिलं जहाज डिसेंबर १८४८ मध्ये लागलं. पंधरा-सोळा वर्षांच्या, आईबाप गमावलेल्या पोरी. त्यांना घरकाम येत नाही, त्या चालीच्या वाईट आहेत, कॅथलिकांची संख्या वाढवायला आणल्या आहेत, असं वर्तमानपत्रांतून लिहिलं जात होतं. काल स्वतः जहाजातून उतरलेले लोक आज उतरणाऱ्यांना दारात अडवतात, हे जगभर दिसतं. पण या मुलींवर जे लिहिलं गेलं ते वाचताना आजही राग येतो.

पुढची वर्षं वेगाने गेली. पोर्ट फिलिपला सिडनीपासून वेगळं व्हायचं होतं. आपल्याला सिडनीत कोणी विचारत नाही हे दाखवण्यासाठी मेलबर्नच्या मतदारांनी १८४८ मध्ये सिडनीच्या विधानमंडळावर चक्क लंडनमधल्या वसाहतमंत्र्याला, अर्ल ग्रेला, निवडून दिलं होतं. १ जुलै १८५१ रोजी व्हिक्टोरिया वेगळी झाली, त्याच वर्षी मेलबर्नमधून निवडल्या गेलेल्या तीन प्रतिनिधींत ओशॅनसी होता. आणि त्याच वर्षी सोनं सापडलं. सत्त्याहत्तर हजारांची वसाहत दहा वर्षांत पाच लाख चाळीस हजारांवर गेली. ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरॅटला युरेका इथे खाणकामगार आणि सैनिक भिडले. खाणकामगारांचा पुढारी पीटर लेलर आयरिशच, तिथे त्याने डावा हात गमावला. सोनं सापडो न सापडो, परवान्याचे पैसे भरलेच पाहिजेत, यावरून तो भडका उडाला होता. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगात ओशॅनसी होता. परवाना बंद करा, सोन्याच्या निर्यातीवर कर लावा, आणि वर्षाला एक पौंड भरणाऱ्या खाणकामगाराला हक्कपत्र द्या, अशी शिफारस आयोगाने केली. त्या हक्कपत्राबरोबर मतदानाचा अधिकारही आला.

१८५६ मध्ये विधानमंडळाला जबाबदार असलेलं सरकार आलं, गुप्त मतदान आलं. ओशॅनसी मेलबर्नमधूनही निवडून आला आणि किल्मोरमधूनही, आणि त्याने किल्मोर ठेवलं. १८५७ मध्ये तो पहिल्यांदा पंतप्रधान झाला, मंत्रिमंडळ दोन महिनेसुद्धा टिकलं नाही. नंतर १८५८-५९, नंतर १८६१-६३. आयर्लंडहून आलेला चार्ल्स गॅव्हन डफी आधी त्याचा सहकारी होता, पुढे कट्टर विरोधक झाला. १८६२ च्या डफीच्या जमीन कायद्याने एक कोटी एकर जमीन लहान शेतकऱ्यांसाठी काढून ठेवली. मेंढपाळीच्या मोठ्या मालकांनी दुसऱ्यांच्या नावावर ती उचलली. आपल्याकडे ज्याला बेनामी म्हणतात तेच. ओशॅनसी इथे कुठे उभा होता? तोवर त्याच्याकडे मरे नदीकाठी मोइरा इथे प्रचंड गुरचराई होती. लहान शेतकऱ्यांच्या बाजूने त्याच्या आवाजात पूर्वीची धार राहिली नव्हती, हे मान्य करायला हवं. शाळांच्या प्रश्नावर मात्र तो शेवटपर्यंत हटला नाही. १८७२ च्या कायद्याने शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष केलं, आणि चर्चच्या शाळांची मदत थांबली. मोफत शिक्षण ही मोठीच गोष्ट होती. पण कर सरकारी शाळेसाठी भरायचा आणि पोरांसाठी आपली शाळा वेगळ्या पैशातून चालवायची, हे कॅथलिक आईबापांचं गाऱ्हाणं पुढे शंभर वर्षं ऑस्ट्रेलियाच्या राजकारणात घोळत राहिलं.

किल्मोरबद्दल थोडं सांगायला हवं. मेलबर्नच्या उत्तरेला पाऊणशे किलोमीटरांच्या आत असलेलं हे गाव आयरिश कुळांनी भरलं होतं. १८४१ मध्ये विल्यम रटलेजने इथे एकरी एक पौंड दराने ५,१२० एकर उचलले आणि आयरिश शेतकऱ्यांना तुकड्यांनी कसायला दिले. १८५० च्या दशकात व्हिक्टोरियात रस्ते मंडळांचे आणि नगरपालिकांचे कायदे झाले, १८६३ च्या कायद्यांनी त्यांतून ग्रामीण भागाच्या ‘शायर’ परिषदा उभ्या राहिल्या. मग बटाटे आणि ओट पिकवणारी, घोडा जोडून गावात येणारी माणसं पट्टी बसवू लागली, पुलांची टेंडरं उघडू लागली, कुणाच्या बांधावरून रस्ता न्यायचा यावर भांडू लागली. त्यांच्या बापांनी मायदेशात ग्रँड ज्युरीचा कर मुकाट भरला होता. ओशॅनसीचं नाव रस्त्यांवर आहे. या शेकडो नगरसेवकांची नावं जुन्या इतिवृत्तांत सापडतात, किंवा एखाद्या गावातल्या पाणपोईवर कोरलेली असतात.

मराठी वाचकाला याची एक उलटी बाजू ओळखीची आहे. मालवण तालुक्यातल्या वराडचं मूळ असलेल्या डॉक्टर अशोक वराडकरांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा कोकणात पेढे वाटले गेले. त्याची सुरुवातही नगरसेवकपदानेच झाली होती, डब्लिनच्या उत्तरेकडच्या फिंगल कौंटी कौन्सिलात. ज्या कौंटी कौन्सिलातून तो वर आला, ती कौन्सिलं ओशॅनसीच्या हयातीत आयर्लंडमध्ये अस्तित्वातच नव्हती.

१८८३ च्या निवडणुकीत ओशॅनसी बेलफास्ट मतदारसंघात हरला. हे बेलफास्ट व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावरचं, आजचं पोर्ट फेअरी. त्याच वर्षी ५ मे रोजी तो वारला. आयर्लंडच्या ग्रामीण भागात ग्रँड ज्युरींच्या हातून कारभार काढून निवडून आलेल्या परिषदांकडे देणारा कायदा १८९८ चा. थर्ल्सच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी आपल्या कौंटी कौन्सिलसाठी पहिल्यांदा मत टाकलं ते एप्रिल १८९९ मध्ये, त्यांच्या गावचा कापडवाला मेलबर्नला नगरसेवक झाल्याला त्रेपन्न वर्षं झाल्यावर.